म्हणजेबाईची जोडणी

लेकीला कधीतरी कोणीतरी कंटाळेल, ही काळजी आईच्या मनातून काही केल्या जात नव्हती. लेक कामात चुकेल अशी भीती तिला नव्हती. ती आजारी पडेल, फसेल, एकटी पडेल, या काळज्याही असायच्या, पण त्या पाहुण्यांसारख्या यायच्या आणि पाहुणचार झाला की निघून जायच्या. ही मात्र घरातच मुक्काम ठोकून होती. लेक समोरच्याला फार विचारते. समजलं नाही की विचारते, आणि समजलं तरी नीट समजलंय ना म्हणून पुन्हा विचारते. घरच्यांनी ते सोसलं, कारण घरच्यांना दुसरा इलाज नसतो. जग कशाला सोसेल?

आज तर ही काळजी चहाच्या आधी उठून ओट्यापाशी येऊन उभी राहिली होती. शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्रात लेकीने संगणकावर तयार केलेली जोडणी आज पहिल्यांदा खऱ्या पंपांना लागणार होती. आतापर्यंत जे काही चाललं होतं ते पडद्यावरच्या गावात, पडद्यावरच्या पंपांवर. आज खरे पाइप, खरं पाणी, आणि दुसऱ्या टोकाला खऱ्या माणसांच्या बादल्या. लेकीने उभ्याउभ्याच पोळीची गुंडाळी खाल्ली, बुटांचे बंद बांधले, सोडले, पुन्हा बांधले.

"येते गं," ती दारातून म्हणाली.

"ये," आई म्हणाली. रोज म्हणायची तसंच. मग दार लोटलं आणि आपण "सांभाळून" म्हणायचं विसरलो, म्हणून स्वतःवरच चिडली.

या लेकीचं पहिलं बोलणं 'आई'ही नव्हतं आणि 'बाबा'ही नव्हतं, 'म्हणजे?' होतं, असं तिचे बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. ते खरं नव्हतं, पण घरात कोणी ते खोडून काढत नसे, कारण ते शोभायचं. जेवून घे म्हटलं की ती विचारी, म्हणजे आत्ता की भाजी झाल्यावर? शहाण्यासारखी वाग म्हटलं की विचारी, म्हणजे कोणासारखी? एकदा तिच्या आत्याने तिला दोन दिवस सांभाळलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच आणून सोडलं. पोर गुणाची आहे, आत्या म्हणाली, पण हिला पाणी दे म्हटलं तर आधी कोणाला, कशात आणि किती, एवढं सांगावं लागतं. तोवर माणसाची तहान मरते. तेव्हापासून बाबांनी तिचं नाव 'म्हणजेबाई' ठेवलं, आणि पाळण्यातलं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं.

शाळेतही तेच. बाकीची मुलं 'हो' म्हणतात, ही 'म्हणजे' म्हणते, तास पुढे सरकत नाही, असं वर्गशिक्षिकेने आईला बोलावून सांगितलं होतं. घरी आल्यावर आईने तिला जवळ घेतलं आणि थोडं मनात ठेवत जा, असं समजावलं. पोरीने मान हलवली, जरा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे मनात कुठे?" आईला हसू आवरलं नाही. ओरडायला घेतलेला तोंडातला शब्द तिथेच विरघळला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

आई तेव्हा एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर कामाला होती. लेक शाळा सुटली की तिथे यायची आणि उंच स्टुलावर बसून गृहपाठ करायची. बाहेरून फोन आला की आई विचारी, कोण हवंय, कुठल्या वॉर्डात, आणि मग "थांबा हं, जोडून देते" म्हणून कळ दाबायची. पण कळ दाबून ती लगेच बाजूला होत नसे. दोन्हीकडून 'हॅलो' ऐकू आला की मगच कान काढायची. लेकीने साहजिकच कारण विचारलं. आईने सांगितलं की जोडून देणं म्हणजे नुसती कळ दाबणं नव्हे. फोन चुकून धोबीखान्यात लागला, तर 'आमचा माणूस कसा आहे' विचारणाऱ्याला 'अजून वाळायचाय' असं उत्तर मिळेल. पोर स्टुलावरून पडेपर्यंत हसली. आईला वाटलं, ती फक्त हसली.

पुढे ती संगणक शिकली आणि पहिली नोकरी तिने खेळ बनवणाऱ्या कंपनीत धरली. तिथे पडद्यावर अख्खी गावं उभी करायचे आणि त्यांत चालती-बोलती पात्रं सोडायचे. लेकीचं काम म्हणजे त्या पात्रांना भिंत कुठे आणि दार कुठे, हे कळवणं. बाबा म्हणायचे, एवढी शिकून पोरगी आंधळ्या बाहुल्यांना रस्ता दाखवते. पण आईने तिला एकदा सुट्टीच्या दिवशी त्या गावात एका पहारेकऱ्याला दार उघडायला शिकवताना पाहिलं होतं. तो बिचारा पुन्हा पुन्हा भिंतीला धडकत होता आणि लेक न कंटाळता त्याच्या डोक्यात काय शिरलं नाही ते शोधत होती. जे इतरांनी आपल्या पोरीसाठी कधी केलं नाही, ते ती एका चित्रासाठी करत होती.

नंतर ती पाणीपुरवठ्याच्या कामावर आली. आता एजंटांबरोबर काम करायचंय, असं तिने जेवताना जाहीर केलं, तेव्हा आईच्या घशात घास अडकला. विम्याचे एजंट? मग लेकीने समजावलं. हे एजंट म्हणजे सॉफ्टवेअर. स्वतः बघून, स्वतः विचार करून काम उरकणारं. असा एखादा आपल्या दुकानातही पाठव, बाबा म्हणाले. बघून आणि विचार करून काम करणारा माणूस त्यांना अजून मिळालेला नव्हता. बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं. विम्याचा घोळ टळावा म्हणून घरात त्या एजंटांना 'गडी' म्हणायचं ठरलं, आणि पुढे लेकीच्या ऑफिसातही तेच नाव रुळलं.

गडी तीन होते. एक पाहणारा: टाक्यांची पातळी, हवामानाचा अंदाज, वीज कधी जाणार याचं वेळापत्रक, सगळ्यांवर त्याची नजर. दुसरा ठरवणारा. तिसरा करणारा, पंप चालू करणं, थांबवणं, व्हॉल्व्ह फिरवणं त्याच्याकडे. आणि तू काय करतेस, असं आईने विचारल्यावर लेक म्हणाली की ती दुभाषी आहे. ठरवणारा गडी म्हणतो, टेकडीवरच्या टाकीत थोडं जास्त पाणी घ्या. पंपाला 'थोडं' कळत नाही, आकडा कळतो. मीटर बोलतो तिसऱ्याच भाषेत, वीजकंपनीची यंत्रणा चौथ्या. या सगळ्यांच्या मध्ये बसायचं, याचं बोलणं त्याला पोचवायचं आणि 'ध' चा 'मा' होऊ द्यायचा नाही.

"म्हणजे माझंच काम," आई म्हणाली. "बोर्डावरचं."

"तुझंच," लेक म्हणाली. "फक्त माझ्याकडे दोन्ही टोकांना माणूस नसतो."

त्या दिवशी आईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिने ते कोणाला दिसू दिलं नाही. फक्त लेकीच्या ताटात न विचारता आणखी एक पोळी वाढली.

एकदा ऑफिसने घरच्यांना काम बघायला बोलावलं, तेव्हा आईने ते पडद्यावरचं गाव पाहिलं. भिंतभर पडद्यावर त्यांचंच शहर होतं: तेच रस्ते, त्याच गल्ल्या, जमिनीखालचे पाइप निळ्या रेघांनी उमटलेले, टेकडीवरची टाकी, नदीकाठचं पंपघर. फक्त माणूस एकही नव्हता. आईने पहिलं काय शोधलं असेल, तर आपला नळ. लेकीने एका ठिपक्यावर बोट ठेवलं. आई त्या ठिपक्याकडे बघत राहिली. आपण इथे उभ्या आहोत आणि तिथे आपल्या स्वयंपाकघरात पाणी येतंय, ही गोष्ट तिला गमतीची आणि जराशी भीतीचीही वाटली.

लेकीने सांगितलं की गडी या खोट्या गावात शिकतात. इथे त्यांनी पाइप फोडले, टाकी उतू घालवली, अर्धं शहर कोरडं ठेवलं, तरी कोणाची चप्पलही भिजत नाही. पण गड्याला स्वतःला हे गाव खोटं आहे हे माहीत नसतं, माहीत असून चालतही नाही. तो जो निरोप खोट्या व्हॉल्व्हला देतो, अगदी तोच उद्या खऱ्याला देणार. निरोप कुठे जातो ते फक्त जोडणीत ठरतं.

आईने पुन्हा त्या ठिपक्याकडे बघितलं. एवढासा फरक, आणि तो आपल्या पोरीच्या हातात.

पुढचं सगळं घडलं ते एका शब्दामुळे.

पंपघरात एक जुने ऑपरेटर होते. सगळे त्यांना पंपकाका म्हणत. पंपांच्या घरघरीत उभं आयुष्य गेल्यामुळे त्यांचा आवाज असा की कुजबुजले तरी गल्लीत ऐकू जावं. कळफलकापुढे बसून टकटक करणं त्यांच्या हाताला जमेना, म्हणून गड्यांना बोललेलं कळेल अशी सोय केली होती. खोट्या गावात सराव चालला होता. काकांनी करणाऱ्या गड्याला सांगितलं, आता तीन नंबर वाढवा. गड्याने तीन नंबरच्या पंपाचा जोर वाढवला. काका म्हणाले, अरे, वाढव. गड्याने आणखी वाढवला. काका खुर्चीतून उठले आणि ओरडले, वाढव म्हणतोय ना! गडी आज्ञाधारक, त्याने होता नव्हता तेवढा जोर लावला. पडद्यावर मोठा पाइप फुटला, बाजारपेठ निळी झाली, आणि खाली पाणी तुटलेलं एकेक घर लाल व्हायला लागलं.

ऑफिसात एकच धांदल उडाली. कोणी म्हणालं आकड्यांत घोळ आहे, कोणी म्हणालं गडीच बिघडलाय. सगळे आपापल्या कोपऱ्यात चूक शोधत राहिले. लेकीने मात्र काकांच्या आवाजाची नोंद लावली आणि डोळे मिटून ऐकली. 'वाढव' म्हणताना काकांचा सूर शेवटी खाली येत होता, काम आवरताना येतो तसा. तिच्या कानात एकदम शटर ओढल्याचा आवाज आला. बाबा रोज संध्याकाळी फोन करून सांगायचे, "दुकान वाढवलं, निघालो." दुकान बंद केलं असं त्यांनी जन्मात म्हटलं नव्हतं. आजीच्या तोंडीही तेच असायचं: दिवा वाढव. विझव म्हणायचं नाही.

तिने काकांना जाऊन विचारलं. काकांना यात काय विचारण्यासारखं आहे, तेच कळेना. यंत्रासमोर 'बंद' म्हणायचं नसतं, ते म्हणाले. म्हटलं की बंद पडतं. त्यांच्या वस्तादांनी त्यांना तसं शिकवलं होतं, आणि त्यांचा एकही पंप त्यांच्या पाळीत बंद पडला नव्हता. अधूनमधून वाढवला मात्र होता.

त्यानंतरच्या बैठकीत काय झालं, हे लेकीने घरी सांगितलंच नाही. ते कळलं पंपकाकांकडून. मीटरवरचे आकडे वाचताना काका मान मागे नेतात, हे लेकीने हेरलं होतं आणि त्यांना बाबांच्या दुकानात पिटाळलं होतं. आई तेव्हा बाबांचा डबा घेऊन दुकानात आली होती. काका डोळ्यांवर तपासणीची जड चौकट चढवून बसले आणि त्यांच्या त्या कुजबुजीत सगळी हकिगत सांगून मोकळे झाले. समोरच्या पानवाल्यालाही ती ऐकू गेली असणार.

साहेब म्हणजे या कामाचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण घाईचा. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला: काकांनी यापुढे 'बंद' म्हणावं, विषय संपला. सगळ्यांनी माना डोलावल्या. काकाही हो म्हणणार होते. साहेबांपुढे कोण बोलणार? तेवढ्यात म्हणजेबाई बोलल्या. आज काकांचा एक शब्द सापडला, उद्या दुसऱ्या कोणाचा दुसरा निघेल. घाईच्या वेळी माणूस शिकवलेला शब्द वापरत नाही, घरचा वापरतो. माणसांच्या जिभा बदलत बसण्यापेक्षा गड्याला विचारायला शिकवू. शब्द दोन्हीकडे जाऊ शकतो असं दिसलं, की हात खऱ्या पंपाला लावण्याआधी त्याने विचारायचं.

साहेब म्हणाले की यात वेळ जाईल. ती म्हणाली, जाईल. साहेब म्हणाले, तारीख ठरली आहे. ती म्हणाली, तारीख पुढे जाऊ शकते, फुटलेला पाइप मागे येत नाही. आणि तोवर जोडणी खऱ्या पंपांना लावायला ती तयार नव्हती. हे सगळं तिने आवाज न चढवता सांगितलं.

"साहेब म्हणाले, तुझ्या एका 'म्हणजे'पायी सगळं अडलंय," काका म्हणाले. "ही म्हणते, अडू दे साहेब, फुटण्यापेक्षा अडलेलं बरं. वहिनी, मी एवढी वर्षं नोकरी केली, पण साहेबाला असं गोड आवाजात नाही म्हणणारं माणूस पाहिलं नव्हतं."

बाबांनी भिंगावर फुंकर मारून ते पुसलं, मग दुसऱ्यांदा पुसलं. आईला आनंदही झाला आणि धडकीही भरली. आपली पोर ताठ उभी राहिली, हे खरं. पण ताठ उभ्या राहणाऱ्या माणसाला लोक टाळ्या वाजवतात आणि पुढच्या वेळी बोलवत नाहीत, हेही तिने हॉस्पिटलात पाहिलं होतं. काका चष्म्याचा नंबर घेऊन निघाले. निघण्याआधी त्यांनी सवयीनेच बाबांच्या जुन्या तपासणी यंत्रावर थाप मारली. घरी निघताना तीन नंबरच्या पाठीवर थाप मारल्याशिवाय मी कधी निघत नाही, म्हणाले. यंत्राला माया कळते.

साहेबांनी शेवटी तारीख पुढे ढकलली, पण तोंड वाकडं करूनच. त्या दिवसांत लेक रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी शब्दांच्या मागे लागायची. बोलायचं एक आणि करायचं दुसरं, असे आणखी कुठले शब्द आहेत? आईने डोकं खाजवलं. दिवा वाढवणं, दुकान वाढवणं झालंच. डब्यातलं मीठ 'संपलं' म्हणायचं नाही, 'वाढलं' म्हणायचं. पाणी सोडणं म्हणजे नळाला सोडणंही आणि आशा सोडणंही. बाबांनी भर घातली की 'बघतो' म्हणजे बघत नाही, आणि 'करून टाकू' म्हणजे कोणीही करणार नाही. ते गड्याला शिकवलं तर ऑफिसातलं कोणाचंच काम होणार नाही, लेक म्हणाली. आईला वाटलं, घरात इतकं हसणं पुष्कळ दिवसांनी झालं.

त्याच गप्पांत लेकीने ऑपरेटरच्या खुर्चीचा नियम सांगितला होता. करणारा गडी रिकाम्या खुर्चीसमोर पंपांना हात लावणार नाही. खुर्चीतला माणूस निघतो म्हणाला, की गड्याने घंटा वाजवून दुसऱ्याला बोलवायचं आणि तो येईपर्यंत काही फिरवायचं नाही. उलट, माणूस येतोय असं कळलं तर थोडी वाट बघायची, उगाच घंटा बडवायची नाही. तुमच्या बोर्डावरही असंच असायचं ना, लेकीने विचारलं, आणि आईने अभिमानाने हो म्हटलं. बोर्ड तिने कधी रिकामा सोडला नव्हता.

मग नव्याने सराव झाला. खोट्या गावात पंपकाका नवा चष्मा लावून बसले, साहेब मागे हाताची घडी घालून उभे. काका म्हणाले, तीन नंबर वाढवा. करणारा गडी आपल्या सपाट आवाजात म्हणाला:

"म्हणजे? जोर वाढवू, की पंप थांबवू?"

मग काका म्हणाले, हा तर डिट्टो आमच्या मंडळींसारखा विचारतोय, आणि अख्खी खोली हसली. साहेबही हसले. हसता हसता त्यांनी लेकीकडे बघून मान हलवली, आणि पुढची तारीख तिलाच विचारून ठरवली. हे मात्र लेकीने स्वतः घरी येऊन सांगितलं. सांगताना तिचे कान लाल झाले होते.

आई त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एकटीच हसली. ज्या शब्दासाठी वर्गशिक्षिकेने बोलावलं, आत्याने हात टेकले, आणि आपण स्वतः जो पोरीच्या मनात कुठेतरी दडवायला निघालो होतो, तो शब्द आता एका यंत्राच्या तोंडी होता. शहरातल्या प्रत्येक नळाच्या मागे कोणीतरी 'म्हणजे?' विचारून मगच हात लावणार होतं. लोकांना ते कधी कळणारही नाही. त्यांना नुसतं पाणी येईल.

पण मन चिंती ते वैरी न चिंती. आज सकाळी पुन्हा तीच टोचणी लागली. आज खरे पंप. आज काही अडलं, तर बोट तिच्याकडेच जाणार, कारण अडवणारी तीच होती.

आईने भांडी घासली. नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडून बघितला. पाणी येत होतं. बाबा दुकानाची किल्ली शोधत होते. ती त्यांच्या हातातच होती. तुझ्या काळजीला पेन्शन लागू नाही का, त्यांनी जाता जाता विचारलं. तिने नळ आणखी एकदा सोडला. त्यांनी चपला पायात सरकवल्या.

"येतो गं."

आईचं लक्ष नळाकडे होतं. तोंडातून नुसताच शब्द गेला, "म्हणजे?"

"म्हणजे जातो," बाबा म्हणाले. "आता तूही सुरू झालीस का?"

ते हसत हसत जिना उतरले. आई ओले हात तसेच धरून उभी राहिली.

येतो म्हणजे जातो.

मीठ शोधलं, दिवा शोधला, दुकान शोधलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. जो शब्द या घराच्या उंबरठ्यावर रोज सकाळी दोनदा पडतो, तो कोणाला आठवला नाही. कसा आठवेल? तो शब्द आहे असं कोणाला वाटतंच नाही. लेकही आजच म्हणाली होती, येते गं, आणि आपण म्हणालो होतो, ये.

आणि सरावात तो सापडणार कसा होता? त्या पडद्यावरच्या गावात पाइप फुटले होते, टाक्या उतू गेल्या होत्या, पण त्या गावातून कोणी कधी घरी गेलंच नव्हतं. सराव संपला की आधी गडी थांबवायचे, मग माणसं उठायची आणि एकमेकांचा निरोप घ्यायची. आज मात्र गडी थांबणार नव्हता. आज पंपकाकांची पाळी दुपारी संपणार, ते खुर्चीतून उठणार आणि सवयीप्रमाणे तीन नंबरच्या पाठीवर थाप मारणार. थाप मारताना ते काय म्हणत असतील, हे आईला कोणी सांगायची गरज नव्हती. जातो म्हणणारा माणूस नव्हता तो. ज्याने पंपाला कधी 'बंद' म्हटलं नाही, तो पंपाला सोडून कसा जाईल? तो येतोच म्हणणार. आणि गडी बिचारा आज्ञाधारक. माणूस येतोय म्हणून घंटा न वाजवता रिकाम्या खुर्चीसमोर वाट बघत बसेल, आणि पंपांकडे बघायला कोणीच नसेल.

तिने पदराला हात पुसले आणि फोनपाशी आली. तिथे मात्र थबकली.

लेकीने बजावलं होतं की कामाच्या वेळी फोन करायचा नाही. कंट्रोल रूममध्ये मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. फोन करायचा तर ऑफिसच्या नंबरवर, तिथून कोणीतरी जोडून देणार, आणि सगळ्यांसमोर हाक मारणार की तुमच्या आईचा फोन आहे. आजच्या दिवशी. साहेब तिथेच असणार. इतक्या दिवसांनी कुठे त्या माणसाने मान हलवली होती. आईने फोन करून शब्द सुचवला, हे ऐकून लोक हसतील. हसतील ते आपल्याला नाही, तिला. शिवाय लेकीला हे आधीच सुचलं असेल तर? आपण काल-परवा तीन गड्यांची नावं शिकलेली बाई. आपण काय सांगणार?

तिने हात मागे घेतला. खिडकीतून बाबा कोपऱ्यावर वळताना दिसले. त्यांनी वर बघून हात केला.

आईला हॉस्पिटलचा बोर्ड आठवला. कळ दाबून झाल्यावरही तिने कधी लगेच कान काढला नव्हता. बाकीच्या बायका हसायच्या. दुसऱ्या टोकाला कोणीतरी बोललं की नाही, हे ऐकल्याशिवाय तिचा हात सुटतच नसे. आणि स्टुलावर बसलेली ती एवढीशी पोर गृहपाठ सोडून हे सगळं बघत होती. विचारायची खोड पोरीने कुठून आणली, असं अख्खं घर इतकी वर्षं एकमेकांना विचारत होतं.

लेकीला कोणीतरी कंटाळेल, ही काळजी तिला पहिल्यांदाच जरा लहान वाटली. कंटाळले तर कंटाळले. हसले तर हसले. जिने साहेबांसमोर गोड आवाजात नाही म्हटलं, ती आईचा फोन आल्याने लाजणार नाही. आणि लाजली, तर संध्याकाळी घरी येऊन रुसेल. रुसण्यासाठी घर असतंच.

आईने ऑफिसचा नंबर फिरवला. पलीकडून एका अनोळखी बाईचा आवाज आला, कोण हवंय म्हणून. आईने लेकीचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव सांगितलं.

"थांबा हं, जोडून देते," ती बाई म्हणाली.

आई थांबली. फार बोलायचं नाही, शिकवायचं तर मुळीच नाही, हे तिने ठरवलं होतं. नुसतं विचारायचं: म्हणजे बाळा, पंपकाका घरी निघताना तीन नंबरला काय म्हणतात गं?